वाचकांचे प्रश्न: वही त्यांच्यासमोरच उघडा

या महिन्यात पत्रं बरीच आली पण त्यातली तीन एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली, एक तरुण लिहिणारा, एक वय झालेला लेखक आणि दोघांचा एकत्र प्रवास. तिन्ही पत्रं बेळगावच्या सीमाभागातली, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत, बाकी मजकूर ज्याचा त्याचा.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला, वय 27, उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे आणि कथा लिहितो, थोड्याफार दिवाळी अंकांत आल्यात. आमच्या भागात एक ज्येष्ठ कथाकार आहेत, हायस्कूलातनं रिटायर होऊन कैक वर्षं झाली, आता 83 वं चालू आहे. सुगी आटपली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशी गावोगावची साहित्य संमेलनं लागतात, सरांना कुठं अध्यक्ष कुठं पाहुणे म्हणून बोलावणं असतं, पण मुलगा पुण्यात आणि बसनं जाणं आता झेपत नाही, म्हणून मी माझ्या जुन्या अल्टोतनं नेतो-आणतो. आधी नुसतं सोडून यायचो, आता संमेलन नसलं तरी सर फोन करतात, निघूया की जरा, म्हणतात, मग निपाणी, गडहिंग्लज, एकदा तर पार धारवाड. गाडीत ते जे बोलतात ते मंडपात कधीच बोलत नाहीत. रस्त्यावर कानडी पाटी आली की मोठ्यानं वाचतात, मग त्या गावाला म्हातारी माणसं काय म्हणायची ते सांगतात, मग तिथल्या कुणाची तरी गोष्ट सुरू होते. संकेश्वरात एका हॉटेलात मालक बर्री सर, कूडरी, म्हणजे या सर, बसा, म्हणत उठून उभा राहिला, सर त्याच्याशी अर्धा तास कानडीत बोलले आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाले, हा माणूस तुझ्या कथेत का नाही रे?

रात्री घरी आलो की मी हे सगळं वहीत लिहितो. वही भरत आली आणि सरांना त्यातलं काही माहीत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करावं का? मित्र म्हणतात तू प्रस्तावनेसाठी मागं लागलायस. माझी कथांची फाईल मी अजून त्यांना दाखवलेली नाही, पण कधीतरी दाखवावी असं मनात आहे हे खोटं कशाला बोलू. आणखी एक, सर सांगतात की बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात शिवरामपंत परांजप्यांचं भाषण त्यांनी ऐकलं. मी बघितलं तर ते संमेलन 1929 चं, तेव्हा सर जन्मलेही नव्हते. हे त्यांना सांगू का, का तसंच लिहू?

उत्तर: वही दाखवा. बाकीचं सगळं मागनं, आधी हे. पुढच्या वेळी निघताना वही सोबत घ्या आणि कुठं चहाला थांबलात की सरळ सांगा, सर, तुम्ही बोलता ते मी घरी जाऊन लिहून ठेवतो, बघता का जरा. प्रस्ताव मांडल्यासारखं काही नको, एवढंच वाक्य पुरे. जन्मभर वह्या तपासलेला माणूस आहे तो, चष्मा काढेल, पहिल्या पानावर दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करेल आणि मग वाचायला लागेल. एखादं पान नको म्हणाले तर ते पान तिथल्या तिथं रद्द करा, कारण विचारू नका. पण बहुतेक उलटंच होईल, असं नव्हे, तो माणूस दारात नव्हता, कट्ट्यावर बसला होता, असं म्हणून तेच भर घालायला लागतील आणि तुमची वही आहे त्याच्या दुप्पट चांगली होईल.

हे मी अंदाजानं म्हणत नाही, तरुण लेखक आणि वयस्क लेखक यांच्या प्रवासाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नेमकं असंच आहे. 1773 साली सॅम्युअल जॉन्सन, ज्यांचा इंग्रजी शब्दकोश 1755 ला निघून त्यांचं नाव सगळीकडं झालेलं होतं, ते आणि जेम्स बॉस्वेल नावाचा तरुण वकील असे दोघं स्कॉटलंडच्या डोंगरातनं आणि पश्चिमेच्या बेटांवरनं फिरले. जॉन्सन 63 चे होते, वाटेतच 64 वं लागलं, बॉस्वेल 32 चा. आधी घोडागाडी, मग रस्ता संपला तिथनं घोडे, मग होड्या, आणि पावसाळी हवा. बॉस्वेल रोज डायरी लिहायचा, त्यात मुख्यतः जॉन्सनच काय बोलले ते, आणि ही डायरी जॉन्सन प्रवासातच वाचायचे, त्यांना ती आवडायची. लपवाछपवी नव्हती. आपल्याबद्दल कोण काय लिहितंय हे त्या माणसाला माहीत होतं आणि तरी ते मोकळेपणानं बोलत राहिले, किंवा मी तर म्हणेन माहीत होतं म्हणूनच बोलत राहिले, कारण आपलं बोलणं कुणीतरी इतकं मन लावून ऐकतंय हे म्हातारपणी फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

त्याच प्रवासातली अजून एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. एका संध्याकाळी अंधार पडत आला, मुक्कामाचं ठिकाण अजून लांब, तेव्हा बॉस्वेलला वाटलं आपण पुढं जाऊन सोय बघावी म्हणून त्यानं घोडा पुढं काढला, आणि जॉन्सननी मागनं जोरात हाक मारून त्याला परत बोलावलं, इतके संतापले की बॉस्वेल दुसऱ्या दिवशीपर्यंत अस्वस्थ होता. हेतू चांगलाच होता की त्याचा, पण अनोळखी मुलखात, अंधारात, म्हाताऱ्या माणसाला मागं एकटं टाकलं जाण्याची भीती काय असते ते 32 व्या वर्षी कळत नाही. तुम्हीही हे करत असाल, मंडपाच्या तोंडाशी सरांना उतरवायचं आणि गाडी लावायला लांब शेतात जायचं. तेवढ्या वेळात ते गर्दीत उभे असतात, कानाला स्पीकरचा कल्लोळ, ग्रंथदिंडीचे लेझीम-ढोल, पायाखाली ढेकळं, ओळखीचं कोणी नाही. आधी संयोजकांना फोन करा, कुणीतरी खुर्ची घेऊन उभा राहू दे, त्याच्या ताब्यात सरांना द्या आणि मग गाडी लावा. आणि 83 व्या वर्षी तास-सव्वा तासाच्या वर न थांबता गाडी चालवायची नाही, लघवीला थांबायचं का हे त्यांना विचारायला लागू नये, आपणच मला पाय मोकळे करायचेत म्हणून थांबायचं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर गाडीत नको. एक तर अल्टोची काच खाली असली की वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि डॅशबोर्डवर मोबाईल उभा दिसला की माणूस भाषणाच्या सुरात जातो, मग तुम्हाला मंडपातलेच सर मिळणार. त्याऐवजी असं करा, सरांना घरी सोडलं की निघायच्या आधी गाडीतच बसून स्वतःच्या आवाजात मोबाईलवर सांगून ठेवा, आज काय काय निघालं, गावांची नावं, माणसांची नावं, सरांचा एखादा शब्द जसाच्या तसा. घरी जाऊन जेवून मग लिहायला बसलं की निम्मं गेलेलं असतं. आणि सरांचा स्वतःचा आवाज ठेवायचा असेल, तो ठेवायलाच पाहिजे, तर तो त्यांच्या घरी, पंखा बंद करून, त्यांना विचारून, दुपारची झोप झाल्यावर. फाईलला तारीख आणि गाव टाका आणि एक कॉपी त्यांच्या मुलाला पाठवा, म्हणजे उद्या हे कुठनं आलं असा प्रश्न यायला नको.

आता शिवरामपंतांचं. तुम्ही तपासलंत ते बरोबर आहे, 1929 चं बेळगावचं संमेलन परांजप्यांच्या अध्यक्षतेखालचं. बेळगावातलं दुसरं संमेलन 1946 चं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, ज्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि तेव्हा तुमचे सर तीन-चार वर्षांचे असणार. त्यांच्या घरात पुढची कितीतरी वर्षं या दोन्ही संमेलनांविषयी बोलणं चालत असेल, वडील परांजप्यांच्या वक्तृत्वाचं सांगत असतील, 1956 ला राज्यं झाली आणि आपण तिकडं राहिलो याचं दुःख त्यात मिसळलं असेल, अशानं वडिलांनी ऐकलेलं भाषण मुलाच्या कानात जाऊन बसतं. सर खोटं बोलत नाहीत. गाडीत मोबाईल काढून त्यांना तारीख दाखवू नका. तुम्ही विचारा की बरोबर कोण होतं, कुठं बसला होतात, काय आठवतं. वडिलांचं नाव आपोआप पुढं येईल, आणि नाही आलं तरी तुम्ही लिहिताना सर असं सांगतात असं लिहायचं आणि पुढं संमेलनाचं साल द्यायचं. दोन्ही खरं राहतं. मात्र छापायच्या आधी तो मजकूर त्यांना दाखवा आणि सालही दाखवा, छापून आल्यावर दुसऱ्या कुणीतरी मंडपात चूक काढली तर ती त्यांना लागेल.

प्रस्तावना मागू नका. मित्र म्हणतात म्हणून नव्हे, मित्र बोलणारच, पण मराठीत प्रस्तावना मागणं म्हणजे त्या माणसाला नाही म्हणायची सोय न ठेवणं, आणि तुम्ही त्यांना गाडीतनं नेता म्हटल्यावर तर त्यांना तोंडच उघडता येणार नाही. फाईल दाखवायला काहीच हरकत नाही हो, लेखकाला आपलं लिहिलेलं दाखवावंसं वाटणार नाही तर कुणाला वाटणार, फक्त अख्खी फाईल नको, एकच कथा, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून, आणि ती परत मागायची नाही. ते बोलले तर बोलले. आणि त्याच्याही आधी एक काम करा, त्यांची सगळी पुस्तकं वाचलीत का हे स्वतःला विचारा. मंडपात नाव घेतलं जातं ती दोन पुस्तकं सोडून बाकीची, ज्यांची आवृत्ती पुन्हा निघाली नाही ती. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, तिथं बसा, तालुक्याच्या वाचनालयात विचारा, सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडं विचारा. एखादी कुणाच्या लक्षात नसलेली कथा सापडेल, त्यातलं एखादं वाक्य लिहून घ्या आणि जाता जाता गाडीत म्हणा, सर, हे वाक्य असं का संपवलंत. आपल्याकडं या वयाच्या लेखकाला शाली मिळतात, श्रीफळं मिळतात, सत्कारावर सत्कार होतात, पण त्यांच्या वाक्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोलत नाही, वर्षानुवर्षं नाही. मला हे बघून फार वाईट वाटत आलंय. तुम्ही बोलाल तर तुमच्यातलं हे जे काही आहे त्याला मैत्री म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज उरणार नाही.

पेट्रोलचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण भिडेनं राहून गेलं असणार. संयोजकांकडनं आमंत्रण आलं की तिथंच सांगायचं, सर गाडीनं येतील, येण्या-जाण्याचं पेट्रोल बघा. मानधनाचं पाकीट सरांचं, त्यातनं पेट्रोल निघता कामा नये, आणि दरवेळी तुमच्या पगारातनंही नको. गावची मंडळी वर्गणी काढून संमेलन करतात, त्यांना पेट्रोल सांगितलं तर राग येत नाही, उलट हिशोबात धरता येतं.

आणि एकदा सरांना उद्यमबागेत न्या. मालकाला विचारून, सुट्टीच्या दिवशी नको, ओतकाम असेल त्या दिवशी. लांबनं, पण दिसेल असं. वाळूचे साचे कसे ठोकून बसवतात, भट्टीतनं लोखंड लॅडलमध्ये घेतल्यावर माणसं एकदम बोलायची कशी थांबतात, ओतून झाल्यावर साचा फोडेपर्यंत आत काय झालंय ते कुणालाच कसं कळत नाही, हे तुम्ही रोज बघता आणि तुमच्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. सरांचा जन्म भाताच्या शेतात आणि शाळेत गेला, त्यांना हे माहीत नसणार. आतापर्यंत गाडीत ते सांगतात आणि तुम्ही ऐकता, एक दिवस उलटं होऊ दे. संकेश्वरच्या हॉटेलवाल्याबद्दल त्यांनी जे विचारलं ना, तेच ते फौंड्रीतनं बाहेर पडताना विचारतील असं मला वाटतं.

प्रश्न: मी चिकोडी तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका आहे, वय 31. निपाणीतल्या एक लेखिका आहेत, 78 वर्षांच्या, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर त्यांनी लिहिलंय, आता मागं पडल्यात. आम्ही दोघी रविवारी बसनं फिरतो, आधार कार्ड दाखवून बायकांना शून्य तिकीट मिळतं त्यामुळं खर्चाचा प्रश्न नाही, कधी गोकाक, कधी सौंदत्ती, कधी नुसतं बेळगावला जाऊन कुंदा घेऊन परत. हायवेवर एका ठिकाणी बस आली की बाई दरवेळी 1981 च्या तंबाखू आंदोलनाची तीच गोष्ट सांगतात. आताशा एकाच दिवसात दोनदा सांगतात. आणि परवा त्यांनी मला त्यांची पत्रं, वह्या, कात्रणं, एक अख्खी ट्रंक घेऊन जा म्हणून सांगितलं. सूनबाईंचं तोंड तेव्हापासून जरा उतरलंय. काय करू?

उत्तर: ट्रंक घरी आणू नका, अजून तरी. बाई तुम्हाला विश्वासानं देतायत यात शंका नाही, पण सूनबाईंच्या बाजूनं बघा, सासूबाई रविवार-रविवार बाहेर जातात, परत येताना दमलेल्या असतात, रात्री पाय दाबायला, गोळ्या द्यायला सूनबाईच, आणि कागद मात्र बाहेरच्या मुलीला. त्यांना पहिल्यांदा सामील करून घ्या. तिघींनी बसून ट्रंक उघडा, त्यांच्याच घरात, आणि काय काय आहे त्याची यादी करा, यादी सूनबाईंच्या अक्षरात असली तर उत्तम. प्रत्येक पत्राचा, पानाचा मोबाईलनं फोटो घ्या, दिवसा, खिडकीजवळ, सावली पडू न देता, मागची बाजूसुद्धा, कारण जुन्या पत्रांच्या मागं हिशोब आणि पत्ते असतात. निपाणीकडं पावसाळ्यात दमट असतं, ट्रंक भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागली की काही उरत नाही.

कायद्याचं थोडं सांगते कारण पुढं यावरनंच भांडणं होतात. बाईंच्या लिखाणाचा हक्क त्यांचा आहे आणि त्यांच्या पश्चात 60 वर्षं वारसांचा राहतो. त्यांनी तुम्हाला तोंडी दिलं म्हणून तो तुमचा होत नाही, लेखी सहीनिशी लागतं. आणि त्यांना दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं जी आहेत, तो कागद बाईंचा पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. पत्रं किती मोलाची असतात हे आपल्या भागाला सांगायला नको, जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले, माणसांत मिसळायचं टाळलं, पण पत्रं लिहिली, आणि त्या पत्रांचे पुढं खंड निघाले म्हणून आज ते आपल्याला वेगळे कळतात. तेव्हा जपा, पण रीतीनं.

तीच गोष्ट परत परत सांगण्याचं. मार्च 1981 मध्ये निपाणीला तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले, शरद जोशी त्यात होते, 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. ज्या बाईनं ते जवळनं बघितलं ती त्या रस्त्यावरनं जाताना ते सांगणारच, आणि तुम्ही ऐकायचं, दरवेळी. मागच्या वेळी नव्हतं असं काहीतरी यावेळी येतं, एखाद्या बाईचं नाव, हातातली भाकरी, कुणाच्या तरी चपला, तेवढंच फक्त लिहून घ्या तारखेसकट. तुम्ही हे सांगितलंत की मागं, असं म्हणू नका. पण एकाच दिवसात दोनदा होतंय, नवीन होतंय, तर ते सूनबाईंच्या कानावर घालून डॉक्टरांना दाखवायला हवं, साखर, थायरॉईड, बी-12, झोपेची गोळी, यातल्या कशानंही असं होऊ शकतं आणि यातलं बरंच सुधारतं. हे लपवून फिरत राहणं बाईंच्या हिताचं नाही.

आणि बाई मागं पडल्यात असं लिहिलंयत ते मनाला लागलं. निपाणीतच महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले, 2024 ला गेले, गेल्यावर सगळ्यांनी लेख लिहिले. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या शाळेत एक दिवस बाईंना बोलवा. भाषण नको, मुलांनी प्रश्न विचारायचे. त्यातल्या कितीजणांच्या आज्या वखारीत तंबाखू निवडायला नाहीतर घरी विड्या वळायला होत्या ते विचारा, त्या आज्यांनाही बोलवा. बाईंनी ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यासमोर त्यांचं पान वाचलं जाऊ दे, आणि कुणी म्हणालं असं नव्हतं, तर तेही होऊ दे, बाई उत्तर द्यायला समर्थ आहेत.

प्रश्न: आमचे एक लेखक स्नेही आहेत, 80 च्या पुढं, मी 25 चा, मी गडहिंग्लजचा आणि ते बेळगाव शहापूरचे. एका दिवसात होईल अशी कुठली वाट घ्यावी, देवदर्शन सोडून?

उत्तर: सकाळी त्यांना शहापुरातनं घ्या आणि कोवाडला जा. रणजित देसाईंचं गाव, ताम्रपर्णीच्या काठचं, चंदगड तालुका म्हणजे महाराष्ट्र लागला, पण गाडीतल्या माणसाला शेतात काही फरक दिसत नाही, भात तेच, काजू तेच, बोलणं तेच, आणि 80 च्या पुढच्या माणसाकडं या विषयावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं, ते सांगू द्या. नदीवर पाच-दहा मिनिटं बसा. तिथनं नेसरी, प्रतापराव गुजर 1674 ला पडले ती जागा, मग तुमचं गडहिंग्लज. जेवण तुमच्या घरीच ठेवा, हॉटेलात नको, या वयात तिखट आणि तेल बाधतं, आणि तुमच्या आईच्या हातचं जेवून ते तासभर आडवे झाले तर पुढचा प्रवास नीट होईल. दुपारी संकेश्वरवरनं हायवेला लागा, परत कर्नाटक, आणि निपाणीच्या अलीकडं तवंदीला थांबा. इंदिरा संतांचं लहानपण या तवंदीत गेलं आणि पुढचं आयुष्य बरंचसं बेळगावात, तुमचे स्नेही शहापूरचे आहेत म्हटल्यावर त्यांनी इंदिराबाईंना रस्त्यानं जाताना बघितलं असायची शक्यता आहे, विचारून बघा. इंदिराबाईंची कविता मोबाईलवर शोधत बसू नका, स्नेह्यांना पाठ असेल.

धारवाड यात घालू नका, कवी द. रा. बेंद्र्यांचं साधनकेरीतलं घर बघायचं तर तो दिवस वेगळा काढा. मराठी घरातला माणूस कानडीचा एवढा मोठा कवी झाला, ज्ञानपीठ मिळालं 1973 चं, मराठीतही लिहिलं, त्या घरासमोर तुमच्या स्नेह्यांना घाईनं उभं करून परत फिरवणं बरं नाही.

तवंदीहून बेळगाव दीड तास धरा, ट्रकची गर्दी असते आणि समोरच्या लाईटचा त्रास त्यांना तुमच्यापेक्षा जास्त होतो, म्हणून साडेचारला निघा. गोळ्यांचा डबा त्यांच्या पिशवीत आहे का ते शहापूरलाच बघा, आणि त्यांच्या घरच्यांचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये. कोवाडला आणि नेसरीला आदल्या दिवशी कुणाशी तरी फोनवर बोलून घ्या, बंद दारापुढं नेऊन उभं करू नका त्यांना.